हमसाया : वऱ्हाडातील संकटे आणि शेजाराचा इतिहास

मराठी मुसलमानांच्या इतिहासावर आजवर जे लेखन झाले त्यात सुफी संत आहेत, सरदार आहेत, शाहीर आहेत, स्वातंत्र्यसैनिक आहेत. ते असायलाच हवेत. परंतु एक मोठा इतिहास आपल्या नजरेतून निसटला आहे. दुष्काळात, साथीत, भूकंपात आणि नापिकीत गावाने गावाला कसे सांभाळले, कोणी कोणाच्या घरी भाकर पोचवली, कोणाची मयत कोणी उचलली आणि त्यानंतर खचलेल्या माणसाला पुन्हा उभे राहायला कोणी हात दिला, हा तो इतिहास. सरकारी दप्तरात मेलेल्या माणसांचे आणि पडलेल्या घरांचे आकडे सापडतात. जे जगले ते कसे जगले, हे मात्र फारसे सापडत नाही.

फारसीत शेजाऱ्याला 'हमसाया' म्हणतात. 'हम' म्हणजे एकत्र आणि 'साया' म्हणजे सावली. एकाच सावलीत राहणारा तो हमसाया. उर्दूने हा शब्द घेतला आणि आपल्या घरांतून तो अजून ऐकू येतो. शेजाऱ्याच्या हक्काला इस्लामने मोठे स्थान दिले आहे आणि मराठीत 'शेजारधर्म' हा शब्द तर जुनाच आहे. आज ज्याला आपत्ती व्यवस्थापन आणि मानसिक आरोग्य असे दोन वेगवेगळे विषय समजले जाते, त्या दोहोंची मुळे या एका शब्दात आहेत, असे मला वाटते. ते तपासून पाहण्यासाठी मी वऱ्हाडातले एक गाव समोर ठेवतो : वाशीम जिल्ह्यातील आसेगाव.

गाव आणि मुलूख

जिल्ह्यात आसेगाव नावाचे एकच गाव नाही. रिसोडकडचे ते आसेगाव पेन. मी म्हणतो ते मंगरूळपीर तालुक्यातले, पोलीस ठाण्याचे आसेगाव. मंगरूळच्या नावातला 'पीर' म्हणजे हजरत दादा हयात कलंदर. त्यांचा दर्गा तालुक्याच्या गावी आहे आणि तिथे नवस बोलणाऱ्यांत सगळ्याच जातिधर्मांचे लोक असतात. आसेगावच्या आसपासचा सारा मुलूख कोरडवाहू शेतीचा. पूर्वी कापूस आणि ज्वारी, आता सोयाबीन आणि तूर. पाऊस वेळेवर आला तर घरात दाणा, नाही तर कर्ज. हेच इथले पंचांग.

हा मुलूख निजामाचा होता. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांकडे गेले. त्या काळी वाशीम हा स्वतंत्र जिल्हा होता, इंग्रजी दप्तरात त्याला 'बासिम' म्हणत. बासिम, मंगरूळ आणि पुसद असे त्याचे तीन तालुके. १९०५ मध्ये हा जिल्हा मोडून अकोला आणि यवतमाळ यांच्यात वाटला गेला. पुढे तब्बल ९३ वर्षांनी, १ जुलै १९९८ रोजी, वाशीम पुन्हा जिल्हा झाला. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे बारा लाख भरली आणि त्यातले पाचांपैकी चार जण खेड्यात राहणारे होते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने देशातल्या मागास जिल्ह्यांना 'आकांक्षित जिल्हा' असे नाव दिले. त्या यादीत महाराष्ट्रातले जे चार जिल्हे होते, त्यांत वाशीम होता.

दुष्काळ आणि गावाची यादी

वऱ्हाड म्हणजे काळ्या मातीचा, कापसाच्या पैशाचा प्रांत. तिथे दुष्काळ यायचा नाही, असा एकोणिसाव्या शतकात समज होता. १८९६-९७ मध्ये या समजाला तडा गेला आणि १८९९-१९०० च्या दुष्काळात तो पार मोडला. १८९१ साली वाशीम जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ३ लाख ९८ हजार होती. १९०१ साली ती ३ लाख ५३ हजार ४१० भरली. दहा वर्षांत शेकडा अकरा माणसे कमी झाली. त्यातली काही परागंदा झाली असतील, पण बाकीची कुठे गेली हे सांगायला नको.

बाजारात धान्य मुळीच नव्हते असे नाही. शेतात काम नव्हते म्हणून मजुराच्या हातात पैसा नव्हता, आणि म्हणून त्याच्या ताटात भाकर नव्हती. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर इंग्रज सरकारने दुष्काळाचे नियम तयार केले होते. ज्यांच्या अंगात बळ आहे त्यांनी सरकारी कामावर खडी फोडायची आणि मजुरी घ्यायची. म्हातारे, अपंग, निराधार यांना घरबसल्या मदत द्यायची. आता निराधार कोण, हे सरकारला कसे कळणार? त्यासाठी गावच्या पाटील-पटवाऱ्याने यादी करायची.

या नियमांत एक तरतूद आपण लक्षात घेण्यासारखी आहे. ज्या स्त्रिया रिवाजामुळे घराबाहेर पडत नाहीत, अशा पडदानशीन स्त्रियांना त्यांच्या घरी मदत पोचवावी, असे त्यांत म्हटले होते. परक्या साहेबालाही एवढे उमगले होते की काही दारे सरकारी शिपायाने वाजवून उघडत नाहीत. तिथे ओळखीचाच माणूस लागतो. उपाशी राहतील पण हात पसरणार नाहीत, अशी घरे प्रत्येक गावात असतात. त्यांत विणकराचे घर असते, एखाद्या मुजावराचे असते, पडत्या काळातल्या देशमुखाचेही असते. त्यांची नावे पाटलाला सांगणारा शेजारी जिथे होता, तिथे ती जगली. जिथे यादी करणाऱ्याचे त्या घराशी वैर होते, किंवा त्या मोहल्ल्यात त्याचे जाणेयेणेच नव्हते, तिथे काय झाले असेल याची कल्पना करता येते.

पुढे १९१८ मध्ये इन्फ्लुएन्झाची साथ आली. साऱ्या देशात तिचा सर्वांत जबर तडाखा ज्या भागांना बसला त्यांत मध्य प्रांत आणि वऱ्हाड होते. आपल्या घरांतून 'मानमोडी'च्या ज्या गोष्टी सांगितल्या जात, त्या याच साथीच्या.

दुःखाची जुनी व्यवस्था

त्या काळी 'मानसिक आरोग्य' हा शब्द नव्हता. पण खचलेल्या माणसाला एकटे सोडायचे नाही, एवढे शहाणपण गावाजवळ होते आणि ते रिवाजांत बांधून ठेवलेले होते. मुसलमानाच्या घरी मयत झाली की त्या घरात चूल पेटत नाही. तीन दिवस नातेवाईक आणि शेजारी जेवण आणतात. तिसऱ्या दिवशी जियारत होते आणि पुढे चाळीसावा. हिंदूंच्या घरी सोयरे 'कडू घास' घेऊन येतात, दहावे होते, तेरावे होते. या विधींचा धार्मिक अर्थ ज्याचा त्याला. पण त्यांचा एक व्यवहारी अर्थ दोन्हीकडे सारखाच आहे. पहिले तीन दिवस माणूस जेवला का, हे कोणीतरी पाहते. दहाव्या दिवशी कोणीतरी पुन्हा येते. चाळीसाव्या दिवशी आणखी एकदा येते. आजचे मनोविकारतज्ज्ञ ज्याला पाठपुरावा म्हणतात, तो हाच.

ही व्यवस्था एका घरच्या दुःखासाठी पुरेशी होती. पण गावातल्या प्रत्येकच घरात एका वेळी मयत झाली तर? कडू घास कोणी कोणाकडे न्यायचा? मोठ्या आपत्तीत नेमके हेच होते. शेजारी स्वतःच ढिगाऱ्याखाली असतो.

भोपाळ ते किल्लारी

२ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानच्या रात्री भोपाळमध्ये विषारी वायू पसरला. जुन्या शहरातल्या गरीब वस्त्या आधी सापडल्या आणि त्यांत मुसलमान मोठ्या संख्येने होते. भारतात आपत्तीनंतरच्या मनाच्या जखमांकडे वैद्यकशास्त्राने पहिल्यांदा गंभीरपणे पाहिले ते इथे. बंगळूरच्या 'निम्हान्स' या संस्थेतले मनोविकारतज्ज्ञ डॉ. श्रीनिवास मूर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भोपाळच्या साध्या डॉक्टरांना, म्हणजे जे रोज खोकला-ताप तपासत होते त्यांनाच, भीती, झोप न लागणे, जगण्यातला रस उडणे ही लक्षणे ओळखायला शिकवले. तज्ज्ञ मोजके आणि दुखावलेले हजारो, तेव्हा शिकवायचे कोणाला, तर जे आधीच लोकांमध्ये आहेत त्यांना. हा धडा पुढे महाराष्ट्राच्याही कामी आला.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झालेली. पहाटे चारच्या सुमारास लातूर-उस्मानाबादची धरती हादरली. किल्लारी, सास्तूर आणि भोवतालच्या गावांत दगड-मातीच्या जाड भिंतींची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. सरकारी आकडा ७,९२८ मृतांचा आहे. बाबरी मशिदीनंतरच्या दंगलींना तेव्हा वर्षही झाले नव्हते. पण ढिगाऱ्याखालून हात बाहेर आला की तो कोणाचा, हे त्या पहाटे कोणी विचारले नाही.

पुनर्वसन मोठे झाले. जागतिक बँकेचे कर्ज मिळाले. ५२ गावे नव्या जागी वसली. ही गावे आखताना घराचे माप जमिनीवरून ठरले. भूमिहीनाला २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला ४००, त्यावरच्याला ७५०. भूकंपाने सगळ्यांना एका रात्रीत सारखे केले होते, पुनर्वसनाने पुन्हा जागच्या जागी बसवले. दुसरी गोष्ट अशी झाली की जुने दाटीवाटीचे गाव जाऊन रुंद रस्त्यांचे, शहरासारखे चौकोनी गाव आले. घर पक्के झाले, पण पलीकडच्या ओसरीवर बसणारी म्हातारी आता दोन रस्ते दूर गेली. जिचे अर्धे कुटुंब गेले आहे त्या बाईला त्या ओसरीची किती गरज होती, हे नकाशा काढणाऱ्याच्या लक्षात आले नाही.

तरीही किल्लारीतून एक चांगली परंपरा सुरू झाली. ज्या शेकडो गावांत घरे पडली नव्हती पण खिळखिळी झाली होती, तिथे दुरुस्ती आणि बळकटीचे काम निघाले. त्यात लोकांचा सहभाग आणण्याची जबाबदारी प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेवर आली. त्यांनी गावागावांतल्या महिला मंडळांतून बायका निवडल्या आणि त्यांना 'संवाद सहायक' असे नाव दिले. सरकारी योजना काय आहे हे घरोघर सांगायचे, कोणाचा हप्ता अडला आहे हे वर कळवायचे, गवंडी भिंतीत नीट बांधणी करतो की नाही हे पाहायचे. या बायका घराचे काम विचारायला जात आणि घरातल्या बाईशी बोलत बसत. त्या बोलण्याची नोंद कोणत्याही वहीत नाही. पण ज्या गावात रोज कोणीतरी नावानिशी विचारपूस करायला येते, तिथे सावरायला बळ येते, हे कोणालाही पटेल. २००१ मध्ये भूजचा भूकंप झाला तेव्हा लातूरकडच्या याच बायका कच्छमध्ये गेल्या. ज्यांनी सोसले होते त्यांनी ज्यांना सोसायचे होते त्यांना हात दिला. भाषा वेगळी, पण दुःख ओळखीचे.

अनाथ मुलांचा प्रश्नही असाच माणसांनी उचलला. भारतीय जैन संघटनेने १,२०० मुले पुण्याला शिक्षणासाठी नेली. राष्ट्र सेवा दलाच्या पन्नालाल सुराणा यांनी नळदुर्गजवळ 'आपलं घर' उभे केले. भूकंपग्रस्तांच्या मानसिक आरोग्याचा पाठपुरावा पुण्याच्या डॉ. मोहन आगाशे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढची काही वर्षे केला. घर बांधून झाले म्हणजे माणूस बरा झाला असे नाही, ही गोष्ट महाराष्ट्राने इथे शिकायला हवी होती.

आधीची तयारी : भिवंडीचा दाखला

इथवर जे पाहिले ते सारे संकटानंतरचे. ओळखीची ही बांधणी संकट येण्याआधी करता येते का? याचा सर्वांत मोठा दाखला महाराष्ट्रात आहे आणि तो आपल्या समाजाच्या अगदी जवळचा आहे.

मे १९८४ मध्ये भिवंडी जळाली. यंत्रमागांचे हे गाव पुन्हा पेटणार, असे सगळेच धरून चालले होते. १९८८ मध्ये तिथे आलेले पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभारल्या. दोन्ही समाजांची साधी माणसे, माग चालवणारे, दुकानदार, शिक्षक आणि त्या भागाचा पोलीस शिपाई, यांनी नियमित एकत्र बसायचे. बोलायचे कशावर? नळाचे पाणी, गटार, टवाळ पोरे, नवरा-बायकोची भांडणे. दंगलीवर नव्हे. चार वर्षे हे कंटाळवाणे वाटणारे काम चालले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा शेजारची भिवंडी शांत राहिली. अफवा आली की ती खरी की खोटी, हे विचारायला प्रत्येक मोहल्ल्यात एक ओळखीचा चेहरा होता.

भिवंडीला त्या दिवसांत नव्याने काही करावे लागले नाही. जे करायचे ते आधीच झाले होते. २००५ साली देशात आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. आपत्तीतील मानसिक आधाराविषयी राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २००९ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. कागद चांगले आहेत. पण त्या कागदांना जे हवे आहे ते भिवंडीच्या गल्ल्यांत त्याआधीच घडून गेले होते.

हळू येणारी आपत्ती

आता पुन्हा आसेगावच्या मुलखाकडे येऊ. इथली आपत्ती भूकंपासारखी पहाटे चारला येत नाही. ती हळूहळू येते. एका हंगामात पाऊस लांबतो, दुबार पेरणी होते. दुसऱ्या हंगामात गारपीट. तिसऱ्यात पीक येते पण भाव नसतो. चौथ्यात मुलीचे लग्न. प्रत्येक वेळी थोडे थोडे काही कोसळते आणि ते कोसळताना आवाज होत नाही.

१९ मार्च १९८६ रोजी यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी कुटुंबासह जीवन संपवले. शेतकरी आत्महत्येची ही पहिली मोठी जाहीर झालेली घटना मानली जाते. अंबाजोगाईचे लेखक-कार्यकर्ते अमर हबीब यांनी सुरू केलेल्या किसानपुत्र आंदोलनाच्या वतीने २०१७ पासून दर १९ मार्चला अन्नत्याग केला जातो. मराठी मुसलमान समाजातला एक माणूस या दुःखाला 'आपले' म्हणून उभा राहतो, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

२००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम, बुलढाणा आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर झाले. त्याच सुमारास मृताच्या कुटुंबाला एक लाख रुपये देण्याचे निकष ठरले. शेती नावावर हवी, कर्ज बँकेचे किंवा परवानाधारक सावकाराचे हवे, त्याच्या वसुलीचा तगादा हवा. त्यातून दोन शब्द गावागावांत पोचले : 'पात्र' आणि 'अपात्र'. मेलेल्या माणसाची पात्रता!

इथे पुन्हा १८९९ ची यादी आठवते. जो मक्त्याने किंवा बटईने शेती करतो, ज्याच्या बापाच्या नावावरून सातबारा अजून उतरलेला नाही, जो शेतमजूर आहे, ज्याने उसने पाहुण्याकडून घेतले, तो या यादीत बसत नाही. बाई तर सहसा बसतच नाही, कारण शेत तिच्या नावावर नसते. खेड्यातल्या मुसलमानांत भूमिहीन आणि अल्पभूधारक पुष्कळ आहेत, दलितांत आणि भटक्या-विमुक्तांत तर त्याहूनही अधिक. त्यांचे दुःख यादीबाहेरचे राहते.

आपल्या समाजात त्यावर आणखी एक पडदा असतो. इस्लामने आत्महत्या निषिद्ध मानली आहे. त्यामुळे घरात असे काही घडले तर ते दडवले जाते आणि मागे राहिलेल्यांच्या वाट्याला दुःखाबरोबर कुजबुजही येते. जिवंतपणीही 'असले विचार मनात येतात' असे कोणी बोलून दाखवत नाही, कारण त्याला ईमानाची कमजोरी समजले जाईल असे भय असते. वस्तुतः जे निषिद्ध आहे त्याच्या काठावर आपला भाऊ उभा असेल, तर त्याला दोष देण्याआधी त्याच्यापर्यंत पोचणे हे आपले कर्तव्य नाही काय?

दवा आणि दुआ

हे पोचायचे कसे, याचा एक अनुभव शेजारच्याच अमरावती जिल्ह्यातला आहे. २०११ नंतरच्या काही वर्षांत तिथल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प चालला. प्रा. विक्रम पटेल यांच्याशी निगडित 'संगाथ' ही संस्था आणि नागपूरची 'प्रकृती' यांचे हे काम. गावातल्याच लोकांना आरोग्य कार्यकर्ते म्हणून तयार केले, त्यांच्या जोडीला समुपदेशक दिले आणि गरज पडली तरच मनोविकारतज्ज्ञ. वेडाची भाषा त्यांनी टाळली. 'टेन्शन', 'ताण' या लोकांच्या शब्दांत विचारपूस केली. याचे निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट सायकियाट्री' या नियतकालिकात आले. नैराश्याने ग्रासलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात शेकडा ४.३ वरून २७.२ वर गेले. मनात आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ५.२ वरून २.५ वर आले. यासाठी मोठे इस्पितळ बांधावे लागले नाही. गावातल्याच माणसाला ऐकायला शिकवावे लागले.

राज्य सरकारनेही २०१५ मध्ये मराठवाडा-विदर्भातल्या १४ जिल्ह्यांसाठी 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला. त्यात वाशीम आहे. आशा कार्यकर्तीने घरोघर जाऊन ताणात असलेली माणसे ओळखायची, अशी त्याची आखणी. पण आशाबाईच्या खांद्यावर आधीच बाळंतपणे, लसीकरण, क्षयरोग आणि सगळी सर्वेक्षणे आहेत आणि हातात पगार नाही, मानधन आहे. तिने एकटीने सारे गाव सावरावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे. तिला जोडीदार हवेत.

हे जोडीदार कुठे मिळतील? जिथे लोक आधीच जातात तिथे. वाशीमला लागून असलेल्या बुलढाणा जिल्ह्यात पिंपळगाव सराईला सैलानी बाबांचा दर्गा आहे. मनाच्या आजाराची माणसे तिथे दूरदुरून आणली जातात आणि त्यांत हिंदू-मुसलमान असा भेद नसतो. या श्रद्धेची थट्टा करणे सोपे आहे. तिच्याकडे डोळेझाक करणे मात्र धोक्याचे आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतल्या एरवाडी दर्ग्याजवळच्या आश्रयगृहाला आग लागली. साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण त्यात जळून मेले. त्याउलट गुजरातेत उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात मुजावरांनाच आजाराची लक्षणे ओळखायला शिकवले गेले. दुआ चालू राहिली आणि जोडीने डॉक्टरकडेही पाठवले जाऊ लागले. या उपक्रमाचे नावच 'दवा आणि दुआ'. दुःखी माणूस ज्याच्यापुढे आधी तोंड उघडतो, त्यालाच सोबत घेतले की काम होते.

करोनाच्या काळात हे पुन्हा दिसले. २०२० मध्ये भीतीने रक्ताचे नातेवाईकही मृतदेहाजवळ येईनात, तेव्हा अकोल्याच्या कच्छी मेमन जमातने हिंदू मृतांचेही अंत्यसंस्कार केले. इचलकरंजीच्या मुसलमानांनी त्याच रमजानमध्ये ३६ लाख रुपये जमवून सरकारी इस्पितळात अतिदक्षता विभाग उभा केला. बापाला अग्नी मिळाला की नाही, ही टोचणी मुलाला जन्मभर पुरली असती. त्या टोचणीतून त्याला सोडवणे, हा केवढा मोठा मानसिक आधार!

आसेगावात काय करता येईल

हा इतिहास वाचून आसेगावसारख्या गावाने काय घ्यावे? पैसा थोडा लागेल, बैठक जास्त लागेल. मृगाच्या आधी एकदा आणि सुगीनंतर एकदा गावाने बसावे. आशाबाई, पोलीस पाटील, मशिदीचे विश्वस्त, भजनी मंडळ, बुद्ध विहाराची मंडळी, बचत गटाच्या बायका, शाळेचे गुरुजी. गल्लीनिहाय दोन माणसे ठरवावीत, एक बाई आणि एक पुरुष. नाल्याला पूर आला, वीज पडली, आग लागली तर कोणत्या घरात कोण म्हातारे एकटे आहे, कोण गरोदर आहे, हे त्यांना ठाऊक असावे. त्याच माणसांना हेही ठाऊक असावे की कोणाचे पीक बुडाले, कोण महिनाभर पारावर आलेला नाही, कोणाच्या घरी गेल्या वर्षी मयत झाली. एकाच घराच्या दाराशी दोन वेगवेगळ्या खात्यांचे दोन अनोळखी माणूस पाठवण्यापेक्षा ओळखीचे एक माणूस बरे.

शुक्रवारच्या नमाजनंतर इमामसाहेबांनी दोन मिनिटे या विषयावर बोलावे. उदासीचा आजार हा ईमानाचा अभाव नव्हे, त्यावर उपचार आहे, एवढे त्यांच्या तोंडून आले तर शंभर पत्रकांचे काम होईल. १०४ हा राज्याचा आरोग्य सल्ल्याचा क्रमांक आणि ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेला 'टेली-मानस'चा १४४१६ हा क्रमांक मशिदीच्या, मंदिराच्या आणि विहाराच्या भिंतीवर लिहावा. तिथे मराठीत बोलता येते आणि पैसे पडत नाहीत. आता कायदाही बदलला आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने जीव देण्याचा प्रयत्न केलेल्या माणसाला तीव्र ताणाखाली असलेला माणूस मानले आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या ३०९ कलमासारखा सरसकट गुन्हा राहिला नाही. तेव्हा पोलिसांच्या भीतीने कोणी दुःख दडवण्याचे कारण उरलेले नाही.

१८९९ मध्ये ज्या घरांची नावे यादीत आली नाहीत, त्यांचा इतिहास आता कोणालाच लिहिता येणार नाही. ती घरेच उरली नाहीत. आजची यादी मात्र अजून आपल्या हातात आहे. ती तलाठ्याच्या दप्तरात तयार होण्याआधी शेजाऱ्याच्या मनात तयार असावी लागते. आपल्या ओसरीवरून समोरच्या घराचा दिवा दिसतो. तो चार दिवस लागलेला नसेल, तर पाचव्या दिवसाची वाट न पाहता उठून जावे आणि दार वाजवावे. हमसाया या शब्दाचा हाच अर्थ आहे.